कापरेकर संख्यांच्या दोन याद्या : कडक कोणती, खरी कोणती?



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं, की तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग या वयात आकडेमोडीकडे कसे वळलात? त्यांना मी सांगितलं, की मी आकडेमोडीकडे वळलेलो नाही. माझा धंदा व्याख्यांचा. एखाद्या शब्दाची व्याख्या बरी की वाईट, हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मी चाळीस वर्षं वर्गात मांडत आलो. आज तोच प्रश्न मांडणार आहे, फक्त उदाहरण गणितातलं आहे. पाचवीचा गुणाकार ज्याला येतो त्याला सगळं समजेल, हा माझा शब्द.

उदाहरण असं. गणितात संख्यांच्या दोन याद्या आहेत. दोन्हींना एकाच मराठी माणसाचं नाव आहे. दोन्हींतल्या पहिल्या दहा संख्या अगदी सारख्या आहेत : १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९, २२२३, २७२८. अकराव्या जागी मात्र वाट फुटते. एका यादीत अकरावी संख्या ४८७९ आहे, दुसरीत ४९५०. आता प्रश्न असा, की ४८७९ ही संख्या आत का बाहेर? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न : हे ठरवणार कोण, आणि कशाच्या आधारावर?

ज्यांचं नाव या याद्यांना आहे ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. नंतर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर, १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. १९८६ साली गेले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. त्यांचा ६१७४ हा आकडा तुम्हाला माहीत असतो. आज त्याविषयी मी बोलणार नाही. मला त्यांची दुसरी कल्पना हवी आहे.

२०२५ हे साल लागलं तेव्हा तुमच्या मोबाइलवर एक संदेश नक्की येऊन गेला असेल : २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ही जी गंमत आहे, तीच कापरेकर संख्येची व्याख्या. संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्गाचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज करा. मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ५५ चा वर्ग ३०२५. तीस आणि पंचवीस, पंचावन्न. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९, दोनशे सत्त्याण्णव. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९, सातशे तीन. सगळ्यांना हे जमत नाही, बरं का. ४६ चा वर्ग २११६. एकवीस आणि सोळा सदतीस. संपलं.

आता भांडण कुठे आहे ते बघा. मी म्हणालो, ‘वर्गाचे दोन तुकडे करा.’ पण सुरी कुठे ठेवायची? इथे दोन व्याख्या होतात. पहिली म्हणते : मूळ संख्येत जितके अंक, तितकेच अंक उजव्या तुकड्यात घ्या. दोन अंकी संख्या असेल तर उजवीकडे दोन, चार अंकी असेल तर चार. सुरीची जागा ठरलेली. हिला आपण आज ‘कडक’ व्याख्या म्हणू. दुसरी म्हणते : सुरी कुठेही ठेवा, बेरीज जमली म्हणजे झालं, फक्त उजवा तुकडा निव्वळ शून्य नको. हिला ‘मोकळी’ व्याख्या म्हणू.

४८७९ चा वर्ग आहे २,३८,०४,६४१, म्हणजे सलग लिहिलं तर २३८०४६४१. कडक नियमाने उजवीकडे चार अंक घेतले तर २३८० आणि ४६४१, बेरीज ७०२१. नापास. पण सुरी एक घर डावीकडे सरकवा : २३८ आणि ०४६४१. दोनशे अडतीस अधिक चार हजार सहाशे एक्केचाळीस, चार हजार आठशे एकोणऐंशी. पास. तसंच ५२९२. तिचा वर्ग २८००५२६४. तिथे उजवीकडे सहा अंक घ्यावे लागतात : २८ आणि ००५२६४. अठ्ठावीस अधिक पाच हजार दोनशे चौसष्ट, बरोबर ५२९२. एक लाखाच्या आत अशा तीनच संख्या आहेत, ज्या मोकळ्या यादीत आहेत आणि कडक यादीत नाहीत : ४८७९, ५२९२ आणि ३८९६२. तीन संख्यांचा फरक. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, असं वाटेल. थोडं थांबा.

नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने १९६४ साली, विद्यार्थी असताना, संख्यांच्या क्रमिका गोळा करायला सुरुवात केली. १९७३ साली त्याचं पुस्तक झालं, १९९६ साली तो संग्रह इंटरनेटवर आला. आज जगभरचे गणिती त्याचा कोशासारखा उपयोग करतात. तिथे प्रत्येक क्रमिकेला एक क्रमांक आहे. मोकळी यादी तिथे ए ००६८८६ या क्रमांकावर ‘कापरेकर संख्या’ म्हणून आहे. कडक यादी ए ०५३८१६ वर ‘कापरेकर संख्यांची आणखी एक आवृत्ती’ म्हणून आहे. कोशकाराने दोन्हींना घर दिलं, भांडण मिटवलं नाही. कोशाचं ते काम नव्हेच. समीक्षेचं आहे.

आणि हा निव्वळ कागदी वाद नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचं मला पत्र आलं होतं. मुलांच्या एका स्पर्धेत प्रश्न होता : पुढीलपैकी कापरेकर संख्या ओळखा. एका मुलीने ४८७९ ला खूण केली, शेजारी वर्ग करून बेरीजही दाखवली. गुण मिळाला नाही, कारण उत्तरसूचीत कडक व्याख्या होती आणि प्रश्नपत्रिकेत कोणतीच नव्हती. बाईंचा प्रश्न एका गुणाचा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, ‘सर, मुलीने विचारलं की माझं गणित कुठे चुकलं, आणि मला दाखवता येईना.’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. गणितात चूक दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल, तर चूक बहुतेक दुसरीकडे आहे.

आता माझ्या घरच्या मैदानात येतो. इथून तासाभरावर वाई आहे. प्राज्ञपाठशाळेची वाई, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची वाई, मराठी विश्वकोशाची वाई. त्या गावात न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारलं असतं, की व्याख्येची परीक्षा कशी करायची, तर त्याने बोटांवर तीन दोष मोजून दाखवले असते : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. उदाहरण ठरलेलं आहे, गाईचं. गाय म्हणजे कपिल रंगाची, असं म्हटलंत तर पांढऱ्या गाई बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, म्हटलंत तर म्हशी आत शिरल्या, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराची, म्हटलंत तर एकही गाय सापडायची नाही, हा असंभव.

मग सोपं आहे, नाही का? कडक व्याख्या ४८७९ ला बाहेर ठेवते, म्हणून अव्याप्त. किंवा उलट, मोकळी व्याख्या ४८७९ ला आत घेते, म्हणून अतिव्याप्त. दोन्ही पक्ष हेच म्हणणार. आणि इथेच गाठ आहे. गाय व्याख्येच्या आधीपासून गोठ्यात उभी आहे. पांढरी गाय बाहेर राहिली हे आपल्याला कळतं, कारण ती गाय आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. न्यायाच्या भाषेत, लक्ष्य आधी आहे, लक्षण मागून आलं. कापरेकर संख्येचं तसं नाही. व्याख्या करण्याआधी ‘कापरेकर संख्या’ नावाची कोणती वस्तू गोठ्यात उभी होती? कोणतीच नाही. व्याख्येनेच ती निर्माण केली. मग अव्याप्तीचा आरोप करायचा कशाच्या जोरावर?

पुष्कळ लोक इथे थांबतात आणि म्हणतात, की व्याख्या हा मर्जीचा मामला. तुम्ही तशी करा, आम्ही अशी करतो. मला हे मान्य नाही. तीन कसोट्या लावता येतात, असं माझं म्हणणं आहे.

पहिली कसोटी, व्याख्या स्वतःशी प्रामाणिक आहे का? कडक व्याख्येची सगळी भिस्त अंक मोजण्यावर आहे. ठीक. पण ९९ बघा. वर्ग ९८०१. तुकडे ९८ आणि ०१. अठ्ठ्याण्णव अधिक एक, नव्याण्णव. कडक यादीत ९९ सन्मानाने बसली आहे. म्हणजे उजव्या तुकड्यात ‘०१’ हे दोन अंक आहेत असं आपण मानलं. ९९९ ला तर ९९८ आणि ००१. तिथे दोन शून्यं पुढे लावून एकाला तीन अंकी केलं. उजव्या तुकड्यात पुढच्या शून्याला मान आहे; मूळ संख्येत मात्र त्याला मान नाही. ४८७९ ला ०४८७९ लिहिलं की ती पाच अंकी होते, उजवीकडे पाच अंक घेता येतात, आणि ती कडक परीक्षेतही पास होते! तिचं एवढंच चुकलं, की आपण तिच्यापुढचं शून्य लिहीत नाही.

हे शून्य लिहायचं की नाही हा संख्येचा गुण नाही, आपल्या लिहिण्याची रीत आहे. आपल्या एमएच ११ च्या किंवा सांगलीच्या एमएच १० च्या गाडीवर पंचेचाळीस हा क्रमांक ००४५ असा लिहिलेला दिसतो. म्हणून ती गाडी पंचेचाळीस नंबरची नाही असं कोणी म्हणत नाही. साताऱ्याचा फोनचा कोड ०२१६२. तिथलं पहिलं शून्य काढलं तर पूर्वी फोनच लागत नसे. म्हणजे शून्याचं मोल कुठे लिहिलंय त्यावर. कडक व्याख्या संख्येविषयी बोलते असं वाटतं, पण निम्मी बोलते ती लेखनाविषयी.

दुसरी कसोटी, व्याख्येने एकत्र केलेल्या गोष्टींचं नातं दिसतं का? याद्या पुन्हा बघा. ४५ आणि ५५, बेरीज १००. २९७ आणि ७०३, बेरीज १०००. २२२३ आणि ७७७७, २७२८ आणि ७२७२, ४९५० आणि ५०५०. प्रत्येक जोडीची बेरीज १००००. या संख्या जोडीने राहतात. आता पाच अंकांत या. कडक यादीतल्या पाच अंकी संख्या सहा : १७३४४, २२२२२, ७७७७८, ८२६५६, ९५१२१, ९९९९९. जोड्या लावा. १७३४४ आणि ८२६५६, एक लाख. २२२२२ आणि ७७७७८, एक लाख. ९५१२१ ची जोडीदारीण कुठे आहे? एक लाखातून ९५१२१ वजा करा. ४८७९! कडक यादीने जोडीतल्या एकीला घरात घेतलं आणि दुसरीला दारात उभं केलं. का, तर ती चार अंकी दिसते म्हणून. तशीच ५२९२, तिची जोडीदारीण ९९४७०८, बेरीज दहा लाख. आणि ३८९६२ ची जोडीदारीण ९६१०३८. तिन्ही जोडीदारणी कडक यादीत आहेत, या तिघी नाहीत.

तिसरी कसोटी, आणि ही निर्णायक : जोड्या मुळात का आहेत, याचं कारण सांगता येतं का? सांगतो. फळ्यावर ४५ चंच गणित घेऊ. ४५ चा वर्ग २०२५ म्हणजे वीस गुणिले शंभर, अधिक पंचवीस. आणि ४५ म्हणजे वीस अधिक पंचवीस. पहिल्यातून दुसरं वजा करा. पंचवीस उडाले, उरलं काय? वीस गुणिले नव्याण्णव. पण ४५ च्या वर्गातून ४५ वजा केले म्हणजे ४५ गुणिले ४४. तेव्हा ४५ × ४४ = २० × ९९. म्हणजे ९९ ने ४५ × ४४ ला पूर्ण भाग जातो. ९९ म्हणजे ९ × ११. नऊ कुठे गेला? ४५ मध्ये. अकरा कुठे गेला? ४४ मध्ये. ५५ ला काय होतं? ५५ × ५४. इथे अकरा ५५ मध्ये, नऊ ५४ मध्ये. वाटणी उलटी झाली! ९९ ला दोघेही ९९ मध्ये. आणि १ ला? १ × ०. शून्याला सगळ्यांनी भाग जातो, तेव्हा दोघेही शून्यात.

गुपित एवढंच आहे. लागोपाठच्या दोन संख्यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नसतो, म्हणून नवाचे दोन तीन इकडे एक तिकडे एक असे फुटू शकत नाहीत. नऊ अख्खा एका घरी जाणार, अकरा अख्खा एका घरी. दोन वाटेकरी, दोन घरं, चार प्रकारे वाटणी : १, ४५, ५५, ९९. प्रत्येक वाटणीला एकच संख्या, आणि उलट वाटणीला तिची जोडीदारीण. आता एक लाखाचं घराणं घ्या. ९९९९९ म्हणजे ९ × ४१ × २७१. तीन वाटेकरी, आठ वाटण्या. त्यातली एक वाटणी अशी : ४१ एका घरी, ९ आणि २७१ दुसऱ्या घरी. ती संख्या कोणती? ४८७९ = ४१ × ११९, आणि ४८७८ = ९ × २७१ × २. हीच ती, दारात उभी केलेली! वाटणी उलटी करा, ९५१२१ मिळते.

मोजून बघा आता. मोकळ्या व्याख्येने, उजवीकडे एक अंक घेणाऱ्या संख्या दोन, दोन अंक घेणाऱ्या चार, तीनच्या चार, चारच्या आठ, पाचच्या आठ, सहाच्या बत्तीस. कारण ९९९९९९ म्हणजे २७ × ७ × ११ × १३ × ३७, पाच वाटेकरी. दोन, चार, चार, आठ, आठ, बत्तीस. प्रत्येक वेळी दोनाचा घात. कडक यादी मोजा : एक अंकी दोन, दोन अंकी तीन, तीन अंकी तीन, चार अंकी सात, पाच अंकी सहा, सहा अंकी एकोणतीस. दोन, तीन, तीन, सात, सहा, एकोणतीस. यात काही चाल दिसते? नाही दिसत. कारण प्रत्येक घराण्यातून काही माणसं उचलून नेली आहेत. एक ही संख्या तर प्रत्येक घराण्यात आहे, तिला ०१, ००१ म्हणून ओळखावं लागतं, आणि कडक व्याख्येने तिला फक्त पहिल्या घरात ठेवलं. हे सगळं २००० साली डग्लस इयानुची यांनी ‘जर्नल ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’मधल्या लेखात सिद्ध केलं, आणि त्यांची व्याख्या मोकळी होती. ती मोकळी असणं योगायोग नव्हे. कडक व्याख्या धरून हा सिद्धांत सरळ मांडताच येत नाही.

आता न्यायशास्त्राच्या गाठीकडे परत जाऊ. आपण विचारलं होतं, की लक्ष्य आधी नसेल तर अव्याप्ती कशी म्हणायची? उत्तर असं, की गणितात लक्ष्य सुरुवातीला नसतं, ते सिद्धतेतून पुढे येतं. व्याख्या ही आधी केलेली एक सूचना असते. सिद्धता झाली की कळतं, खरी जात कोणती होती. इम्रे लाकातोश या हंगेरियन तत्त्वज्ञाने नेमकं हेच मांडलं, की गणितातल्या संकल्पना सिद्धतेच्या भट्टीत घडतात. एक ही मूळ संख्या मानायची की नाही, हे उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. जुने कित्येक गणिती मानत असत. १९१४ साली छापलेल्या लेमरच्या मूळ संख्यांच्या मोठ्या यादीची सुरुवातच एकपासून आहे. पुढे एकाला बाहेर काढलं, ते कोणाच्या मर्जीने नव्हे. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा सिद्धांत एकाला आत ठेवून नीट सांगता येईना. तिथे सिद्धांताने एकीला बाहेर काढलं, इथे सिद्धांत तिघींना आत बोलावतो. न्याय तोच. तेव्हा कडक व्याख्येवर अव्याप्तीचा आरोप आता साधार करता येतो.

कडक व्याख्येची बाजू मांडली नाही तर मी समीक्षक नव्हे, वकील ठरेन. तिचे दोन गुण आहेत. एक, ती तपासायला सोपी आहे. सुरी एकदाच ठेवायची. चार अंकी संख्येच्या आठ अंकी वर्गाला मोकळ्या व्याख्येने सात ठिकाणी कापून बघावं लागतं. पाचवीच्या मुलाला कडक नियम दोन मिनिटांत शिकवता येतो. दुसरा गुण, तिला पुरवणी अट लागत नाही. मोकळी व्याख्या नुसती सोडली तर १० चा वर्ग १००, तुकडे १० आणि ०, बेरीज दहा. १०, १००, १००० सगळे आत घुसतात. म्हणून ‘उजवा तुकडा शून्य नको’ असं सांगावं लागतं. कडक व्याख्येत ते आपोआप बाहेर पडतात. हे गुण खरे आहेत. पण ते वापरण्याच्या सोयीचे आहेत, समजण्याचे नाहीत. सोयीची वजनं बाजारात चालतात, प्रयोगशाळेत नाही.

आता या सगळ्यात पणाला काय लागलं आहे ते सांगतो. १९४० साली हार्डी या मोठ्या इंग्रज गणितज्ञाने आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात गंभीर गणित आणि करमणूक यांत भेद केला. बिनमहत्त्वाच्या गोष्टीचं उदाहरण म्हणून त्याने दोन संख्या दिल्या, ८७१२ आणि ९८०१. उलट्या लिहिल्या तर २१७८ आणि १०८९. पहिली आपल्या उलट्या रूपाची चौपट, दुसरी नऊपट. वर्तमानपत्राच्या कोड्याला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्याचा निकाल. गंमत बघा, ९८०१ म्हणजे आपल्या ९९ चा वर्ग! कापरेकरांच्या कामाकडे आपल्याकडच्या गणितज्ञांनीही पुष्कळ काळ याच नजरेने पाहिलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. पण गार्डनर यांचं सदरही करमणुकीच्या गणिताचंच होतं. आपणही शाळेत आणि वर्तमानपत्रात कापरेकरांना जादूगार करून ठेवलं आहे.

हार्डीचा आक्षेप कडक यादीला लागू पडतो, हे मी मान्य करतो. लेखनाच्या रीतीवर उभी असलेली गोष्ट दहाच्या पाढ्याबाहेर फार जात नाही. मोकळ्या यादीला तो लागू पडत नाही. पुरावा देतो. परिपूर्ण संख्या तुम्हाला माहीत आहेत : ६ म्हणजे १ + २ + ३; २८ म्हणजे १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिडपासून गणितज्ञ यांच्यामागे आहेत, त्यांना कोणी करमणूक म्हणत नाही. आता २८ ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहा : १११००. तिचा वर्ग ७८४, द्विमानात ११०००१००००. उजवीकडचे सहा अंक कापा : ११०० आणि ०१००००. म्हणजे बारा आणि सोळा. बेरीज अठ्ठावीस! ६ चं तसंच : वर्ग ३६, द्विमानात १००१००, तुकडे १० आणि ०१००, म्हणजे दोन आणि चार, बेरीज सहा. ४९६ ला २४० आणि २५६. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमानात कापरेकर संख्या आहे. हेही इयानुचींच्या लेखात आहे.

आणि आता शेवटचा मुद्दा ऐका. २८ ला द्विमानात पाच अंक आहेत आणि आपण उजवीकडे सहा घेतले. ६ ला तीन अंक, घेतले चार. दर वेळी एक अंक जास्त. म्हणजे कडक व्याख्या धरली, तर एकूण एक सम परिपूर्ण संख्या बाहेर. युक्लिडचं आणि देवळालीच्या मास्तरांचं नातं मोकळ्या दारातूनच दिसतं. तीन संख्यांचा फरक म्हणून सुरू झालेला हा वाद इथे येऊन पोचतो. कडक यादी ठेवली तर कापरेकर गमतीदार. मोकळी ठेवली तर त्यांच्या हाताशी किती खोल पाणी होतं ते कळतं. आपण त्यांची शताब्दी करतो, भिंतीवर फोटो लावतो. त्यापेक्षा त्यांची व्याख्या नीट वाचली तर जास्त बरं.

वेळ आहे, एखाददुसरा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मी माध्यमिक शाळेत शिकवतो. वर्गात मग कोणती व्याख्या सांगायची?

उत्तर : सुरुवात कडक व्याख्येनेच करा, मुलांना खेळ लवकर जमतो. ९९९९ पर्यंत यादी करवून घ्या, जोड्या लावायला सांगा. मग पाच अंकांतल्या सहा संख्या फळ्यावर लिहून द्या आणि ९५१२१ ची जोडी शोधा म्हणावं. ४८७९ मुलं स्वतःच शोधतील, आणि ती यादीत का नाही हेही स्वतःच विचारतील. तो प्रश्न त्यांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. आणि प्रश्नपत्रिका काढाल तेव्हा व्याख्या वर छापा. त्या मुलीचं गणित बरोबर होतं.

प्रश्न : स्वतः कापरेकरांच्या मनात कोणती होती, यावरून निकाल लावायला नको का?

उत्तर : नको. आदर म्हणून विचारता, ते समजतो. पण व्याख्या करणाऱ्याच्या मनात काय होतं हा चरित्राचा प्रश्न झाला. व्याख्या बरी की वाईट हे तिच्यातून पुढे काय दिसतं त्यावरून ठरतं. वाईच्या शास्त्र्यांनीही गाईचं लक्षण पहिल्यांदा कोणी सांगितलं हे विचारलं नसतं. पांढरी गाय आत आली का, एवढंच विचारलं असतं. आणखी एक. घरी गेल्यावर ३८९६२ चा वर्ग करून बघा, मोबाइलवर केलात तरी चालेल, आणि सुरी कुठे ठेवायची ते स्वतः ठरवा. उजवीकडचा तुकडा शून्याने सुरू होतो, एवढं सांगून ठेवतो.